बत्तीस पानी कवी होण्याची शास्त्रोक्त पद्धत

कवितासंग्रह काढायला प्रकाशक लागतो, ही समजूत जुनी आहे. प्रकाशकालाही कवितासंग्रह लागतो, असं मात्र आजवर कुणी म्हटलेलं नाही. तेव्हा नवकवीने थेट पुस्तिकेकडे वळावं. ए-फोर आकाराचे आठ कागद, मधोमध घडी, घडीवर दोन पिना. झाली बत्तीस पानं. या मार्गाला घराणंही चांगलं आहे. 1950च्या दशकात अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ चक्रमुद्रित करूनच काढलं, आणि पुढच्या दशकात लघुअनियतकालिकवाल्यांनी सायक्लोस्टाइलच्या शाईत हात बरबटून घेत प्रस्थापितांची झोप उडवली. तुम्हाला कुणाची झोप उडवायची नसेल तरी हरकत नाही. पिना मात्र न गंजणाऱ्या घ्याव्यात.

कविता निवडण्याआधी पानं मोजावीत. पिन मारलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीतच होतात, प्रतिभा कितीही असली तरी. शीर्षकपान, मुद्रणाचा तपशील, अर्पणपत्रिका आणि अनुक्रमणिका गेली की बत्तिसातली अठ्ठावीस उरतात. कविता सव्वीस असतील तर पावसावर दोन लिहाव्यात. त्या कुठेही बसतात. एकोणतीस असतील तर एक काढावी लागेल. आईवरची काढता येत नाही आणि बायको अनुक्रमणिका वाचते, म्हणून बहुधा सामाजिक जाणिवेची कविता जाते.

आता डमी. ही पायरी कवी टाळतात आणि छापखान्यात फसतात. आठही कागद दुमडून एकात एक घालावेत, पेन्सिलीने पानांना 1 ते 32 आकडे द्यावेत आणि मग कागद सुटे करून पाहावेत. सगळ्यात बाहेरच्या कागदावर एका बाजूला 32 आणि 1 शेजारी नांदतात, उलट बाजूला 2 आणि 31. प्रत्येक जोडीची बेरीज 33. जिथे ती चुकेल तिथे विरह आधी आणि ओळख नंतर होईल. एखादा समीक्षक त्याला काळाची मोडतोड म्हणून वाखाणेलही, पण त्या भरवशावर राहू नये. शिवाय घडी घातल्यावर आतले कागद बाहेर डोकावतात आणि कटिंगवाला ते सरळ छाटतो. म्हणून मधल्या पानांवर कडेपर्यंत जाणाऱ्या ओळी ठेवू नयेत. यमक कचऱ्याच्या पोत्यात जातं.

डीटीपीवाल्याशी गोड बोलावं. तुमच्या युनिकोडमधल्या कविता तो त्याच्या जुन्या फॉन्टमध्ये उतरवून घेतो, आणि त्या प्रवासात रफार शेजारच्या घरी राहायला जातात, पहिली वेलांटी गळून पडते. प्रुफं तीन जणांनी वाचावीत: कवीने, व्याकरण येणाऱ्याने आणि कविता न आवडणाऱ्याने. सर्वाधिक चुका तिसऱ्याला सापडतात, कारण तो भारावून पुढे जात नाही. मुखपृष्ठावरची चूक तिघांनाही दिसत नाही. ती प्रकाशनाच्या दिवशी प्रमुख पाहुण्यांना दिसते, माइक हातात असताना.

प्रस्तावनेचा मोह अनेकांना होतो. अठ्ठावीस कवितांना नऊ पानांची प्रस्तावना म्हणजे दुचाकीला ट्रकची नंबरप्लेट, पण मागणाऱ्याला तसं वाटत नाही. ज्येष्ठांच्या आधाराचं थोर उदाहरण आपल्याकडे आहेच: कुसुमाग्रजांचा ‘विशाखा’ 1942 साली वि. स. खांडेकरांनी पदरचे पैसे घालून काढला. ते गृहीत धरून खर्चाचा अंदाज बांधू नये. तुम्हाला भेटणारे ज्येष्ठ ‘पाठवून ठेवा’ म्हणतील, सहा महिन्यांनी ‘कुठली हो?’ विचारतील आणि अखेरीस तुमच्यापेक्षा स्वतःच्या पहिल्या संग्रहाबद्दल अधिक लिहून देतील. माझ्या मते प्रस्तावना गाळावी. त्या नऊ पानांत नऊ कविता मावतात आणि ज्येष्ठांचीही सुटका होते.

आयएसबीएन घ्यायचा असल्यास राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय एजन्सीकडे अर्ज करावा. तो फुकट मिळतो, त्यामुळे ‘मिळवून देतो’ म्हणत पैसे मागणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावावं. तेरा आकडे मलपृष्ठावर आले की नातेवाइकांचा सूर बदलतो. दहावीच्या गुणांनंतर प्रथमच.

किती प्रती छापाव्यात? डिजिटल छपाईत पन्नासही निघतात. ऑफसेटला प्लेटांचा खर्च एकच प्रत काढली तरी होतो, म्हणून छापखानेवाला म्हणतो, “साहेब, शंभराच्या जागी पाचशे घ्या, फार फरक पडत नाही.” तो खोटं बोलत नाही. फरक घरी गेल्यावर पडतो, दिवाणाखाली. प्रती ठरवण्याचं सूत्र सोपं आहे: जे पैसे देऊन घेतील असं वाटतं त्यांची यादी करावी, त्यातून कवी वगळावेत आणि उरतील तितक्या छापाव्यात. कवींना भेटप्रत द्यावीच लागते. तेही तुम्हाला त्यांची देतात आणि हिशेब मिटतो. मात्र ‘सप्रेम भेट’ खाली घेणाऱ्याचं नाव घालू नये. पुढे रद्दीच्या गठ्ठ्यात ती प्रत तुम्हालाच सापडली तर निदान कुणाशी बोलणं बंद करायचं, हा प्रश्न उरत नाही.

एवढं करूनही वाचकाची खात्री नसेल, तर कायद्याचा आधार घ्यावा. 1954च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार प्रकाशकाने, म्हणजे आता तुम्हीच, प्रकाशनापासून तीस दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक मुंबई, चेन्नई व दिल्ली इथल्या नेमून दिलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायची असते. चार प्रती हमखास खपल्या, त्याही चार महानगरांत. पोच आल्यास फाइलला लावून ठेवावी. दुसऱ्या पुस्तिकेच्या मलपृष्ठावर ‘मान्यवरांचे अभिप्राय’ या मथळ्याखाली काहीतरी छापावं लागणारच आहे.