फोर-बाय-फोर मालक

सोलापुरात कुणालाही ‘मालक’ म्हणतात. रिक्षावाला गिऱ्हाइकाला मालक म्हणतो, गिऱ्हाईक रिक्षावाल्याला मालक म्हणतं, आणि रिक्षा बहुधा पतसंस्थेच्या मालकीची असते. त्यामुळे नुसत्या ‘मालक’वरून माणूस ओळखू येत नाही, मागेपुढे काहीतरी जोडावं लागतं. चादरवाले मालक, प्लॉटिंगवाले मालक, हुरडा पार्टीवाले मालक. अलीकडे या यादीत एक नवी जात दाखल झाली आहे. फोर-बाय-फोर मालक.

हे मालक चाळिशीच्या आगेमागे असतात. टॉवेलचा कारखाना, मंगल कार्यालय किंवा वडिलांनी कधीकाळी घेतलेली आणि आता बायपासला लागलेली जमीन, यांपैकी एक तरी गोष्ट त्यांच्या पाठीशी भक्कम उभी असते. अंगावर सहा खिशांची पँट, पायात घोट्यापर्यंतचे बूट. बुटांना माती लागलेली मी अजून पाहिलेली नाही. गाडी अर्थात थार, काळी, आणि एमएच तेराच्या पुढच्या आकड्यांची बेरीज करून घेतलेली. कंपनीनं जमिनीपासून २२६ मिलिमीटर उंच केलेली ही गाडी मालकांनी लिफ्ट किट घालून आणखी उंच केली आहे. टायर एमटी, म्हणजे चिखलातले. डांबरावर ते असे घोंघावतात की मालक सात रस्त्याला वळले की घरातल्यांना चहा टाकायची वेळ कळते. टपावर कॅरियर, कॅरियरवर जेरीकॅन. त्यात डिझेल नाही, पाणीही नाही. “उगं वजन कशाला?” मालक म्हणतात. आत सीटवर मात्र सोलापुरी टर्किश टॉवेल अंथरलेले. का, तर धूळ लई.

पण गाडीचं खरं भूषण म्हणजे स्नॉर्कल. बॉनेटच्या बाजूनं निघून काचेच्या कडेनं टपापर्यंत गेलेली काळी नळी. पाण्यातून जाताना इंजिनाला वरून हवा मिळावी म्हणून ती असते. आता कंपनी म्हणते, ही गाडी मुळातच ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते. सोलापूर जिल्ह्याचा वर्षाचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे मृगापासून परतीपर्यंतचा सगळा पाऊस एका दिवशी विजापूर रोडवर पडून तिथेच साचला, तरी मालकांची गाडी नळीशिवाय, शंभर मिलिमीटर हातचे राखून पलीकडे जाईल. ज्या गावात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथे गाडीला पाण्यापासून वाचवायची ही नळी मालकांनी मोठ्या हौसेनं बसवून घेतली आहे.

असे एक नव्हे, शहरातले बहुतेक सगळे मालक एका ठिकाणी बघायचा योग २०२५च्या दसऱ्याला आला. ‘ऑफरोड ट्रक पार्ट्स’ अशी पाटी लावलेलं नवं दुकान त्या दिवशी उघडलं. दसरा २ ऑक्टोबरला आला होता आणि नव्या रूपातली थार बाजारात आली तीही २ ऑक्टोबरलाच, २०२० साली. मालकांना यात ईश्वरी संकेत दिसला. त्या दिवशी गांधी जयंतीही होती, पण पायी चालणाऱ्या माणसाची आठवण काढावी असं ते ठिकाण नव्हतं. ड्राय डे असल्यामुळे कार्यक्रम मात्र वेळेवर सुरू झाला.

दारात फीत नव्हती. दुकानदार कल्पक, त्यानं फितीच्या जागी गाडी ओढायचा पट्टा बांधला होता, केशरी रंगाचा, आठ टन ताण सोसणारा. प्रमुख पाहुणे माजी नगरसेवक. (व्यासपीठावर सगळे माजीच होते. महापालिकेची मुदत २०२२ सालीच संपली होती.) त्यांनी तबकातली चांदीची कात्री उचलली, कॅमेऱ्याकडे बघून हसले आणि दाबली. पट्टा जागचा हलला नाही. पुन्हा दाबली. कात्रीचं एक पातं बाजूला वाकलं. टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच हवेत राहिले. “दाबा की साहेब,” मागून कुणीतरी म्हणालं. शेवटी फिटरच्या पोरानं पुढे होऊन कडेचा डी-शॅकल मोकळा केला, पट्टा धप्पकन पाहुण्यांच्या पायावर पडला आणि उद्घाटन झालं. मालाच्या दर्जाची याहून चांगली जाहिरात दुकानदाराला पैसे मोजून करता आली नसती.

आत दसऱ्याची पूजा मांडलेली. विंचच्या पोलादी दोराला झेंडूची माळ, जॅकला हळदकुंकू, चिखलात चाकाखाली सारायच्या फळ्यांवर आपट्याची पानं. ‘वाहनातील बदल आरटीओच्या परवानगीने करावेत’ असा एक छोटा फलकही होता. झेंडूचं तोरण नेमकं त्याच्यावरून खाली आलेलं. दुकानदाराचा दोष नाही. आमचे मालक अशा बदलांना आळा घालणाऱ्या मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाविषयी दर्शनी काचेच्या स्टिकरइतकंही बोलत नाहीत, आणि पुढचे लोखंडी बुलगार्ड केंद्र सरकारनं २०१७ सालीच बेकायदा ठरवले आहेत हे सांगितलं तर म्हणतात, “ते गार्ड न्हाय हो, शो हाय.”

पहिलं गिऱ्हाईक आलं ते पाटी वाचून. हैदराबाद रोडवर ट्रक लावून चालत आलेला ड्रायव्हर. त्यानं काउंटरवर हात टेकले आणि विचारलं, “सोळा-तेराचा मागचा पाटा आहे का?”

काउंटरवरचं पोरगं गोंधळलं. “आमच्याकडं तसल्या ट्रकचं मिळत न्हाय काका.”

“मग बोर्डावर काय लिहिलंय बे?”

पोरानं त्याला पेढा दिला. तो खाऊन ड्रायव्हर निघून गेला. जाताना त्यानं दारातल्या ओळीनं लावलेल्या गाड्यांकडे जे पाहिलं, त्याचं वर्णन मी करणार नाही.

दुसरे आले ते एक काका. डोक्याला टोपी, हातात पिशवी. आयुष्यभर वडाप मारलेला माणूस. वडाप म्हणजे काय हे सोलापूर जिल्ह्यात सांगावं लागत नाही, पण पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो: कमांडर नाहीतर ट्रॅक्स, तिच्यात मावतील तेवढी माणसं, आणि मावली की आणखी चार. एसटी जिथे तोंड फिरवायची तिथून पुढे गावं या गाड्यांनी जोडली. आपले मालक काकांना दुकान फिरवून दाखवू लागले. दुकान त्यांचं नव्हतं, पण ज्ञान होतं.

“हे काय म्हनायचं?”

“स्नॉर्कल काका. ओढ्यातनं जाताना हितनं वरनं हवा घेतंय इंजिन.”

“आस्सं. आमी फॅनचा पट्टा काढायचो. फॅन फिरला न्हाय की पानी उडत न्हाय. सायलेन्सरला सायकलची ट्यूब बांधायची आन् येक शीट मागं उभं करायचं, ट्यूब वर धरून.” काका जरा थांबले. “त्याच्याकडनं भाडं घेत न्हवतो.”

मालकांनी घाईनं विंचकडे मोर्चा वळवला. गाडी रुतली की हा दोर झाडाला अडकवायचा, बटण दाबायचं, गाडी स्वतःच स्वतःला ओढून काढते.

“माळावर झाड कुठलं आनायचं?”

मालक गप्प.

“आमच्या शिटा उतरायच्या, ढकलायच्या, परत बसायच्या.” काकांनी आत डोकावून पाहिलं. “ही कितीची गाडी?”

“एकोणीस लाख पडली सगळं धरून.”

“न्हाय, शिटा किती?”

“चार.”

“चार,” काका म्हणाले. “फुडच्या बाजूला?”

मालकांची चेष्टा करणं सोपं आहे आणि मी ती करतोच आहे, पण एक गोष्ट त्यांच्या बाजूनं सांगितलीच पाहिजे. ते जर खरोखर गाडी घेऊन माळावर गेले असते तर आपण सगळे अडचणीत आलो असतो. शहरापासून जवळच नान्नज आहे, १९७९ सालचं माळढोक अभयारण्य. माळढोक अंडं घालतो ते उघड्या जमिनीवर, नीट घरटंही बांधत नाही. टिटवी, धाविक यांचाही कारभार तसाच जमिनीवरचा. तिथून एक एमटी टायर गेला की कारभार आटोपला. आमच्या मालकांनी डांबर कधी सोडलं नाही, हे त्यांचं निसर्गावर मोठं ऋण आहे. दसऱ्याला सगळं गाव सीमोल्लंघन करतं. मालकांची सीमा रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी, आणि तिचा ते बारा महिने मान राखतात.

मनात मात्र मोठी ठिकाणं असतात. गोव्यात २०१४ साली रेनफॉरेस्ट चॅलेंज नावाची ऑफरोड स्पर्धा सुरू झाली. भर पावसात, जंगलातल्या लाल चिखलात गाड्या बुडवायच्या. मालक तिचे व्हिडिओ रात्री जेवण झाल्यावर बघतात. एकदा प्रत्यक्ष जायचं म्हणतात. “आता तर लई सोपं झालंय,” ते मला म्हणाले. “सोलापूर-गोवा विमान सुरू झालंय की जूनपासनं.”

आणि पाणी? दसऱ्याच्या आधीच्याच पंधरवड्यात पाणी आलं होतं. वर सरासरीचा हिशेब मांडून मी जो विनोद केला तो सीना नदीनं सप्टेंबरात पुसून टाकला. माढा, मोहोळपासून खाली दक्षिण सोलापूरपर्यंत नदीकाठची गावं पाण्यात गेली, जनावरं गेली, उभी पिकं गेली, महामार्गावरची वाहतूक थांबवावी लागली. ज्या दिवसासाठी नळी बसवली तो दिवस उजाडला होता. मालकांनी त्या दिवशी गाडी मेव्हण्याच्या मंगल कार्यालयात, चढावरच्या जागेत, ताडपत्रीखाली नेऊन ठेवली. “पुराचा गाळ चॅसीला खातो,” असं त्यांचं म्हणणं. शहरातून भाकऱ्या आणि शेंगाचटणीची गाठोडी निघाली ती ट्रॅक्टरमधून. मालकांनी मदत केली नाही असं मात्र कुणी म्हणू नये. त्यांनी पैसे दिले, चादरी दिल्या, टॉवेलचे गठ्ठे दिले. मंगल कार्यालय चार दिवस लोकांना राहायला मोकळं केलं. गाडी सोडून मागेल ते दिलं.

दुकानात दुपारपर्यंत अशी गर्दी होती की हलायला जागा नव्हती, आणि विक्री जवळजवळ नव्हती. लोक शॅकल हातात घेत, वजन करून बघत, परत ठेवत. ‘लेह’ लिहिलेले स्टिकर तेवढे खपले. गळीत हंगाम तोंडावर आलेला, म्हणून मंद्रूपकडचे दोन ऊसवाहतूकदार आले, त्यांनी न बोलता चार डी-शॅकल आणि तो उद्घाटनाचा पट्टाच विकत घेतला, आणि गेले.

इतक्यात मालकांचा फोन वाजला. घरून आई. रूपाभवानीच्या दर्शनाला जायला त्या तासभर तयार होऊन बसल्या होत्या. पलीकडचा आवाज मोठा होता, आम्हा सगळ्यांना ऐकू आला: “स्टूल गाडीत घेऊन गेलास की रे!”

हे स्टूल मी आधी पाहिलं होतं. थारच्या डिकीत जॅकशेजारी ठेवलेलं, निळं, प्लास्टिकचं. लिफ्ट किट बसल्यापासून गाडीची पायरी आईंच्या गुडघ्याच्या वर गेली. मग दार उघडायचं, मालकांनी उतरून स्टूल लावायचं, आईंनी एका हातानं दार आणि दुसऱ्यानं लेकाचा खांदा धरून वर चढायचं, वहिनींनी निऱ्या सावरत मागून, आणि मग स्टूल परत डिकीत. गाडीच्या सगळ्या ऑफरोड सामानापैकी रोज वापरात असलेलं हे एकच.

मालक दुकानदाराच्या कानाशी लागले. “पायरी बसवून मिळंल का? खाली येणारी?”

“मिळंल की मालक. दार उघडलं की आपोआप खाली, लावलं की वर. मोटरवर चालती.” दुकानदारानं किंमत तोंडानं सांगितली नाही, कॅल्क्युलेटरवर दाखवली.

मालकांनी ती शांतपणे वाचली. “विंच दाखव आधी.”

पण ‘पायरी’ हा शब्द आजूबाजूला ऐकू गेला होता. आणखी दोन मालक जवळ सरकले. एकानं विचारलं, किती म्हणाला? दुसऱ्यानं आवाज खाली आणून सांगितलं की त्याच्याकडे लाकडी पाट आहे, पण डिकीत खडखडतो. तिसऱ्याच्या घरी सासूबाई गाडीत बसायच्याच बंद झाल्या होत्या. दुकानदार सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होता. त्याच्या तीन पिढ्या व्यापारात गेलेल्या. त्यानं गल्ल्यातून नोटा काढल्या आणि पोराला बाजूला घेतलं. “मधल्या मारुतीला जा. प्लास्टिकचे स्टूल आण डझनभर. काळे बघ. निळे नको.”

तासाभरात स्टुलं आली. दुकानदारानं प्रत्येकावर एक केशरी स्टिकर चिकटवला आणि ती विंचच्या शेजारी, झेंडूच्या माळेखाली, ओळीनं मांडली. आमचे मालक पुढे झाले. त्यांनी एक उचललं, उलटं केलं, चारही पाय अंगठ्यानं दाबून पाहिले आणि गंभीरपणे विचारलं, “किती टनाचं हाय बे हे?”