चटणी पोचली, शाळेत गेली नाही

मिसिसॉगा, रविवार

ती. आईस सा. न.

पार्सल पोचलं. येसर, कुरडया, खारोड्या, सगळं धड आलं. शेंगदाण्याची चटणी मात्र एवढी पाठवलीस की विमानाचं नाक खाली गेलं असेल. कपडे मशीनला लावलेत, तेवढ्यात लिहायला बसलेय.

आधी तुझ्या फोनचं. बाळ्याच्या गळ्याची हाडं दिसतात ती उपासाची नाहीत, आपल्या घराण्याची आहेत. दादांची चाळिशीपर्यंत दिसायची, आणि त्यांना तर तूच वाढत होतीस.

आता चटणीचं. बाळ्याच्या शाळेत शेंगदाणा चालत नाही. चटणी नाही, कूट नाही, लाडू नाही, चिक्की नाही. आई, शेंगदाण्याच्या कुटाशिवाय मराठवाड्यातल्या बाईने डब्याला काय द्यायचं? भेंडीत कूट, वांग्यात कूट, काकडीत कूट. मी महिनाभर चिडचिड केली. मग शाळेतल्या बाईंनी नीट सांगितलं. इथल्या ऑन्टारियो प्रांतात 2003 साली साब्रिना शॅनन नावाची तेरा वर्षांची मुलगी शाळेत खाल्लेल्या पदार्थामुळे ॲलर्जीने गेली. तिच्या नावाचा कायदा झाला, तो 2006 पासून लागू आहे. कायद्यात शेंगदाण्याचं नाव नाही. जीवघेणी ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी शाळांनी तजवीज केलीच पाहिजे, एवढंच त्यात आहे. काय आणू द्यायचं नाही ते शाळा ठरवते. हे ऐकल्यावर कुरकुर तोंडातल्या तोंडात करते. जवसाची चटणी डब्यात दिली असती, पण तू ती त्याच मिक्सरच्या भांड्यात केली असणार. म्हणून ती आम्हीच खातोय, तुझे जावई तर नुसत्या भाकरीबरोबर.

डबा खायला वीस मिनिटं. त्यात झाकण उघडणं आलं, शेजाऱ्याच्या डब्यात डोकावणं आलं. उरलेलं जसंच्या तसं घरी येतं आणि मग मी संध्याकाळी भांडायचे. चिऊचा घास, काऊचा घास, हा शेवटचा, मग हा खरंच शेवटचा. तू व्हिडिओवर गोष्ट सांगते म्हणालीस, पण आमचे संध्याकाळचे सहा म्हणजे तुझे पहाटेचे साडेतीन-साडेचार. तेव्हा दादा उठून बसले तर चहा मागतील.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंची रीत सांगितली. काय, कधी आणि कुठे वाढायचं ते आईबापांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, ते लेकराने. 'संपव' म्हणायचं नाही, 'खाल्लंस तर चॉकलेट' तर मुळीच नाही. नवी भाजी दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते म्हणे. तू म्हणशील, मग पोर उपाशी झोपेल. एकदा झोपला. सकाळी दोन धपाटे खाऊन शाळेत गेला.

लाल भोपळ्याचं बघ. ऑक्टोबर सरला की इथे भोपळा मातीमोल होतो, लोक त्याआधी त्याला डोळे-नाक कोरून दारात मांडतात आणि मग फेकतात. मी भाजी केली. बाळ्याने फोड उचलली, जिभेचं टोक लावलं, ताटाच्या कडेला अलगद परत ठेवली, वर बोट माझ्याच ओढणीला पुसलं. मी गप्प. पुढच्या वेळी वास घेतला. तिसऱ्यांदा त्याच्या बहिणीने, मनूने, तिची संपवून त्याच्या ताटाकडे हात नेला, तशी त्याने गिळूनच टाकली.

शेपू मात्र विचारू नकोस. प्लास्टिकच्या डबीत झोपवलेल्या आठ-दहा काड्या, तीन डॉलर. दीडशे रुपयांच्या वर गं! आणि ते लोक ती माशावर शोभेला टाकतात. तू मंडईत जुडी घेऊन वर मूठभर कोथिंबीर फुकट मागतेस, ते मी इथे कुणाला सांगत नाही, विश्वास बसणार नाही.

काल रात्री तुझे जावई विचारत होते, तू कारलं कधीपासून खायला लागलीस? मला आठवेना. माहेरी मस्तगडच्या घरी उन्हाळ्यात आम्ही सगळी चुलत-मावस एका ओळीत बसायचो, काकू वाढत पुढे जायची, कुणाच्या ताटात काय उरलं ते बघायला कुणाला सवड होती? मान वर केली तर कुरडई गायब. इथे दोन लेकरं आणि चार डोळे त्यांच्या ताटात. मला वाटतं, निम्मं भांडण त्या डोळ्यांचंच आहे. म्हणून आता शनिवारी दोन घरची मुलं बोलावून जमिनीवर चटई टाकते आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहते. काल बाळ्याने तुझ्या येसराची आमटी दोनदा मागून घेतली. आतून मी ऐकलं आणि उगाचच नळ सोडून भांडी घासत राहिले.

बंडू अंगारकीला राजूरच्या गणपतीला पायी गेला, हे तू कौतुकाने सांगितलंस. येताना काकांच्या मोटारसायकलवर आला, हे वहिनीने सांगितलं. नळाला पाणी किती दिवसांनी येतंय, ते नक्की कळव. तुमच्याकडे त्यावरच सणवार ठरतात. छकूचं लग्न डिसेंबरात धरा म्हणजे आम्हाला सुट्टी मिळेल. मोसंबी खायला तरी येऊ दे.

आणि काकूच्या सुनेने घरी स्वयंपाक असताना डोसा मागवला, म्हणून आठ दिवस अबोला कशाला? तुलाही अर्धा दिला होता म्हणे, आणि तू चटणी कमी आहे म्हणालीस.

तुझी,
माई