शब्दांचे सावकार

वसईला परभाषा नवखी नाही. पोर्तुगीजांनी १५३४ ते १७३९ अशी दोन शतके येथे अंमल गाजविला, आणि चिमाजीअप्पांनी किल्ला सर करून त्यांची रवानगी केल्यावरही पाव, चावी व पगार हे त्यांचे शब्द आमच्या घरांत बिनदिक्कत नांदत राहिले. पुढे १८०२ च्या अखेरच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने येथेच इंग्रजांशी तह केला आणि त्यांच्याही भाषेला वाट मोकळी झाली. मात्र त्या तहनाम्याची इमानेइतबारे अंमलबजावणी कोणी केली असेल, तर ती आमच्या आळीतील डिक्शनरीकाकांनी.

काका मुंबईच्या एका कचेरीत हेडक्लार्क म्हणून हयात घालवून निवृत्त झाले. जो इंग्रजी शब्द चारचौघांना कळतो त्याचा ते तिटकारा करीत नाहीत. त्याची ते कीव करतात. कोणासही न कळणारा शब्द सापडला, की तो लाल शाईने वहीत चढतो, आणि सावकाराने गहाणाचा दागिना फडक्यातून सोडून दाखवावा तशा ऐटीने आल्यागेल्यासमोर मांडला जातो. २०१७ साली शशी थरूर यांच्या 'फरागो' या शब्दाने देशभर कोश उघडावयास लावले, तेव्हा काकांनी वही काढून तो शब्द आपल्या दप्तरी पूर्वीच रुजू असल्याचा पुरावा घरोघर फिरविला होता.

नोकरीच्या काळात सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये त्यांचा वर्ग भरे. वसई रोडला शब्द, नायगाव सोडून गाडी खाडीच्या पुलावर आली की अर्थ, आणि भाईंदरपासून बोरिवलीपर्यंत लॅटिन व्युत्पत्ती, असा त्यांचा शिरस्ता होता. एकदा त्यांनी 'डिफेनेस्ट्रेशन' हा शब्द घेतला, त्याचा अर्थ माणसास खिडकीतून बाहेर फेकणे असा असल्याचे सांगितले, आणि १६१८ साली प्राग येथे राजाच्या अधिकाऱ्यांची तशी गत होऊन तीस वर्षांच्या युद्धाला कसे तोंड फुटले, हा इतिहास रंगवून कथन केला. सहप्रवाशांना तो शब्द फार आवडला. लोकलच्या खिडक्यांना गज असतात, एवढ्यामुळेच तो पुढे प्रयोगात आला नाही.

त्यांच्या विद्येचा परमोत्कर्ष म्हणजे गटाराचा अर्ज. एका पावसाळ्यात आळीचे गटार तुंबून त्याचे पाणी मागच्या बावखलात, म्हणजे आमच्याकडच्या लहानशा तळ्यात, शिरू लागले, तेव्हा लोकांनी मोठ्या विश्वासाने अर्जाचे काम काकांवर सोपविले. काकांनी तीन पानी इंग्रजी अर्जात त्या दुर्गंधीस 'नॉयसम' हे विशेषण योजले. या शब्दाचा आवाजाशी काडीमात्र संबंध नसून तो घाणेरड्या वासाचा वाचक आहे. परंतु संबंधित कारकुनाने कानाला जे लागले तेच ग्राह्य धरले, आणि 'ध्वनिप्रदूषणाबाबतचा आपला अर्ज पोलीस ठाण्याकडे वर्ग करण्यात येत आहे,' असे उत्तर जावक क्रमांकासह आले. काकांनी त्वरित दुसरा अर्ज धाडला. तो सहा पानी होता, त्यात 'नॉयसम'ची साद्यंत व्युत्पत्ती होती, आणि गटाराचा उल्लेख नव्हता.

कंपनीच्या लष्करातील मोल्सवर्थने कँडी बंधूंच्या साहाय्याने आमच्या भाषेचा कोश १८३१ साली सिद्ध केला, आणि १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यातील शब्दांची संख्या सुमारे ६० हजारांवर नेली. तो कधी चाळला आहे काय, असे मी काकांना विचारले. 'मराठी काय, आपल्याला येतेच!' असे म्हणून त्यांनी मला पुढचा इंग्रजी शब्द दिला.

त्यांना हसणे सोपे आहे. पण त्यांच्या वाक्याचा अर्थ लागला नाही म्हणजे दुप्पट आदराने माना डोलावणारे आम्हीच होतो, आणि ते ध्यानात घेता या खटल्यातील अर्धे आरोपी आळीत सापडतील. शिवाय काका विद्येचे मोल घेत नाहीत, कोणाच्याही पोराला तासन्‌तास शिकवितात, आणि शब्दावर त्यांचे निरपेक्ष प्रेम आहे. तेव्हा असा गृहस्थ आपल्या शेजारी असल्यास त्याच्याकडून शब्द अवश्य शिकावेत. अर्ज मात्र स्वतः लिहावा, आणि तो मराठीत लिहावा.