स्वयंघोषित नाना

रेल्वे स्टेशनच्या अंगाला नानांचा बारा खोल्यांचा लॉज आहे. लॉज म्हटलेलं नानांना खपत नाही, हॉटेल म्हणायचं. तारांकनाला अर्ज करायचा तर किमान दहा खोल्या लागतात. म्हणजे पात्रता सिद्ध होऊन वर दोन खोल्या उरतात, असा त्यांचा हिशेब.

प्रमाणपत्रांचा नाद लागला 2020 साली. कोरोनात गिऱ्हाईक शून्य, आणि पर्यटन मंत्रालयानं भारतीय गुणवत्ता परिषदेला हाताशी धरून ‘साथी’ नावाची योजना काढलेली. पहिली पायरी स्वयंप्रमाणन: नियम आम्ही पाळतो, हे मालकानंच लिहून द्यायचं. शाळेत पेपर दुसऱ्यानं तपासल्यामुळे आपण मागे पडलो, ही नानांची जुनी तक्रार. ती सरकारनं एका झटक्यात दूर केली. प्रमाणपत्राची फ्रेम काउंटरमागे लागली, गणपतीच्या शेजारी, किंचित वर.

मग नानांचा डोळा ताऱ्यांवर गेला. मंत्रालयाची समिती येऊन दर्जा ठरवते आणि तो पाच वर्षं टिकतो. नानांचा गीझर टिकत नाही. पण निकष तोंडपाठ. कपाटात दर बिछान्यामागे चार हँगर हवेत म्हटल्यावर त्यांनी ते घाऊक आणले. दोन शर्टांनिशी आलेला माणूस कपाट उघडतो आणि आठ हँगर अंगावर येतात. गाडी अडली ती ‘चोवीस तास गरम आणि थंड पाणी’ या ओळीवर. जायकवाडी धरण पन्नासेक किलोमीटरवर, तरी इथे नळाच्या पाण्याची आठ-आठ दिवस वाट पाहण्यात लोकांच्या पिढ्या गेल्या. नानांनी ‘होय’वर खूण केली. “टँकर कधीही बोलवा, येतो. आणि मे महिन्यात थंड नळालाही गरमच येतं की!”

सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ. सोमवारी पहाटे उतरलेला पाहुणा अजिंठ्याची टॅक्सी ठरवू लागला, की नाना लुंगीवरच रस्त्यावर धावतात, त्याला वेरूळला वळवतात, हातात पोह्यांचा पुडा देतात आणि ड्रायव्हरला बजावतात, “सोळा नंबरचं लेणं आधी दाखव रे, दुपारी दगड तापतो.” या धावपळीला अर्जात रकाना नाही, त्यामुळे तिची फ्रेमही नाही.

अभिप्रायाचा फॉर्म मात्र सक्तीचा. परवा एका पाहुण्यानं त्यात लिहिलं, ‘पाणी आलं नाही.’

नानांनी चष्मा लावून वाचलं आणि पेन परत पुढे केलं. “साहेब, ‘येणार आहे’ असं करा ना. टँकर सुटलाय.”