चोरपावलांची दिवाळी

सण अगदी तोंडावर येईपर्यंत हातपाय हलवायचे नाहीत, आणि तो दाराशी येऊन उभा राहिला म्हणजे घरातल्या झाडून साऱ्या माणसांनी एकमेकांवर खेकसत धावत सुटायचे, हा आपल्याकडील कुटुंबांचा पिढीजात शिरस्ता आहे. आणि त्यावर ‘यंदा आधीपासूनच तयारीला लागू या’ हा जो उतारा दरवर्षी नेमाने सांगितला जातो, तो इतका सोपा, इतका बिनखर्चाचा आणि इतका सर्वमान्य आहे की तो आजवर कोणाला लागू पडल्याचे ऐकिवात नाही. या विषयाचा साकल्याने विचार करण्याचे काम खरे पाहता तत्त्वज्ञांचे. पण ऐन वेळी तेही माळ्यावरची पितळी भांडी खाली घेण्यात गुंतलेले असल्यामुळे, महसूल खात्यात उभी हयात घालवून मुदत, तगादा आणि तहकुबी या तिन्ही अवस्थांचा निकटचा परिचय झालेल्या माझ्यासारख्या निवृत्त माणसाकडे तो अधिकार ओघानेच येतो.

मी सातारचा. शाहू महाराजांना १७०८ साली येथे राज्याभिषेक झाला, आणि तेव्हापासून या गावाच्या अंगी राजधानीपण जे मुरले ते १८४८ साली राज्य खालसा झाले तरी गेले नाही. अजिंक्यताऱ्याच्या छायेत वाढलेल्या माणसाला कोणतीही गोष्ट गुपचूप करणे हे कमीपणाचे वाटते. त्याने दाराला नवी कडी बसवायची म्हटली तरी आधी मसलत, मग हुकूम, मग त्या हुकमाची ताकीद आणि अखेरीस पोवई नाक्यावर भेटेल त्याला त्या कडीची साद्यंत हकिकत, एवढे सगळे झाल्यावाचून त्याला हातोडी उचलावीशी वाटत नाही; आणि एवढे सगळे झाल्यावर काम झाल्यासारखेच वाटत असल्यामुळे पुष्कळदा ती उचलण्याचे कारणही उरत नाही.

आमच्या सौभाग्यवतींचे माहेर सांगलीचे. सांगली हीसुद्धा राजधानीच. १८०१ साली मिरजेपासून वेगळे होऊन थोरल्या चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी ती वसवली आणि कृष्णाकाठी गणपतीचे देखणे मंदिर उभे केले. परंतु त्या गावाचे दैवतच निराळ्या वृत्तीचे. अवघा महाराष्ट्र भाद्रपद शुद्ध चतुर्थीला वाजतगाजत गणपती आणतो, तर सांगलीच्या या मंदिरात प्रतिपदेलाच, कोणाला कळू न देता, गणपती येऊन बसलेले असतात. ना ढोल, ना ताशा, ना मिरवणूक. लोक त्यांना प्रेमाने ‘चोर गणपती’ म्हणतात. त्यांच्या मूर्तींचे विसर्जनही होत नाही. उत्सव आटोपला की त्या पुन्हा जागच्या जागी जपून ठेवल्या जातात. ज्या गावचा देव स्वतःच्या उत्सवाला असा आधी आणि असा न बोलता येतो, त्या गावच्या कन्येशी संसार मांडताना मी या गोष्टीचा पुरेसा अभ्यास करायला हवा होता, असे काही आप्तांचे मत आहे. त्या मताशी मी सहमत नाही.

श्रावणातल्या एका रविवारी दिवाळीच्या पूर्वतयारीची तजवीज मी घरात रीतसर जाहीर केली. ओसरीवर सभा भरवली, बांधीव वही काढली, तीत झाडलोट, फराळ, कापडचोपड, पाहुण्यांची सरबराई अशी खाती पाडली, आणि चिरंजीवांकडे आकाशकंदील, सूनबाईंकडे चिवडा, नातवाकडे किल्ला, अशी प्रत्येकाच्या नावे जबाबदारी चढवली. “बाबा, अजून गणपती यायचेत,” असा एक दुबळा आक्षेप चिरंजीवांनी नोंदवला. तो मी वहीत लिहून घेतला आणि फेटाळला. पंचांगाचा काही भरवसा नसतो, हे मी सप्रमाण दाखवून दिले. २०२३ साली अधिक श्रावण आडवा आला आणि लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरपर्यंत लांबले; २०२५ साली तेच २१ ऑक्टोबरलाच येऊन ठेपले. श्रावणात व्रतवैकल्ये, भाद्रपदात गणपती-गौरी, त्यामागून पितृपंधरवडा, ज्यात नवी खरेदी वर्ज्य, मग घट बसले की हात बांधलेले. असा हिशेब केला तर मोकळे दिवस असे उरतातच किती? शिवाय १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेने आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली असून, दूरदर्शी माणसाच्या दूरदृष्टीवर हा थेट निर्बंध आहे, हेही मी निदर्शनास आणले. सभा स्तब्ध झाली. सौभाग्यवती तेवढ्या काळात स्वयंपाकघरात तीनदा जाऊन आल्या आणि शेवटी “बरं” म्हणाल्या.

मोहिमेचा परिणाम तात्काळ दिसू लागला. जी धांदल आजवर आश्विन वद्यात सुरू होत असे ती श्रावण वद्यातच सुरू झाली. “तुझं झालं का?” हा प्रश्न घरात उठता-बसता विचारला जाऊ लागला, आणि ज्याचे झाले नव्हते तो, म्हणजे प्रत्येक जण, दुसऱ्याला टाळून मागच्या दाराने जाऊ लागला. नातवाने मात्र हुकमाची अक्षरशः अंमलबजावणी केली. अंगणातली भरपावसातली माती आणून त्याने अजिंक्यताऱ्याची प्रतिकृती उभारली. ती रात्रीत वितळून पडवीभर पसरली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यापुढे त्याची दरख्वास्त आली की पावसाळ्यात बुरूज टिकत नसल्याने डागडुजीसाठी एका आकाशकंदिलाएवढी रक्कम मंजूर व्हावी. पत्राचा मसुदा इतका निर्दोष होता की मला ती मंजूर करावी लागली.

फराळाच्या खात्यात मात्र एक मूलगामी पेच उद्भवला. तयारी आधी व्हायची तर नमुना आधी पाहिला पाहिजे, म्हणून मी चिवड्याचा एक घाणा करवला. पोहे कुरकुरीत होते, खोबऱ्याचे काप लालसर उतरले होते, मीठ किंचित कमी आहे की काय याबद्दल मतभेद होता. आणि तो मतभेद मिटवण्यासाठी येता-जाता प्रत्येकाने एकेक मूठ घेतल्यामुळे निर्णय होण्याच्या आतच पुरावा नष्ट झाला. या ठिकाणी मला शिवछत्रपतींच्या एका पत्राचे स्मरण झाले. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळच्या छावणीवरील अंमलदारांना धाडलेल्या त्या पत्रात महाराजांनी फार मोलाची ताकीद दिली आहे: पावसाळ्याची बेगमी म्हणून जो दाणागोटा, वैरण जमा केली आहे ती आहे तोवर बेसुमार खर्च कराल तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील, आणि मग तुमची माणसे रयतेच्या दारी भाजी, लाकूड, गवत मागत फिरतील. रात्री दिवा जळत ठेवलात तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गंजीला आग लागेल, इथवर त्यांची नजर गेली होती. साठा करणे हे अर्धेच काम. मुदतीआधी त्याला हात लागू न देणे हे उरलेले अर्धे. छत्रपतींना उंदरांची चिंता होती. माझ्या घरच्या छावणीत उंदीर नव्हते, हेच काय ते वेगळेपण.

पितृपंधरवडा सरता सरता, माळ्यावरून उतरवायच्या वस्तूंची यादी करण्याकरिता मी कोठीच्या खोलीत गेलो असता, सर्वांत वरच्या फळीवर, लोणच्याच्या बरणीमागे, माझ्याच हस्ताक्षरातली ‘काडेचिराईत’ अशी चिठ्ठी डकवलेला डबा मला दिसला. काडेचिराईताच्या नावाने आमच्या घरातली तिन्ही पिढ्यांची माणसे तोंड फिरवतात, म्हणून त्या डब्याचे वजन मला संशयास्पद वाटले. झाकण उघडताच गुळाचा गाढ वास आला. आत मुठीएवढे गोळे एकावर एक नीट रचलेले होते. एक किंचित दाबून पाहिला तर बोटाला तुपाचा ओशटपणा लागला.

“हे काय आहे?” मी विचारले.

“अनारशाचं पीठ,” सौभाग्यवती म्हणाल्या.

“केव्हा केलंत?”

“तुमची सभा चालली होती ना ओसरीवर, तेव्हा तांदळाचं पाणी बदलत होते.”

“मग सभेत सांगायचं! वहीत नोंद झाली असती.”

“अहो, नोंद झाली असती तर जो तो डबा उघडून बघत बसला असता. आणि ते मुरायला लागतं. चर्चेनं काही लवकर मुरत नाही.”

अनारशाइतका पूर्वतयारीचा कठोर परीक्षक आपल्या पाकशास्त्रात दुसरा नाही. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, मग सावलीत पंचावर पसरून ओलसर असतानाच कुटायचे, चाळायचे, गुळात मळायचे आणि गोळे करून निदान आठवडाभर विसरून जायचे. यातले काहीही घाईने उरकता येत नाही, आणि उरकले तर ऐन तुपात, पाहुण्यांच्या देखत, अनारसा हसतो आणि कढईभर होतो. इथे लवकर काम करणाऱ्यालाच यश आहे, पण त्याने केलेल्या कामाकडे पाहत बसायचे नाही.

त्या डब्याने माझ्यापुढे एक समग्र दप्तर उघडे झाले. सौभाग्यवतींची दिवाळी चैत्रातच सुरू होते. उन्हाळ्यात माहेराहून परतताना तासगावचा बेदाणा आलेला असतो. त्याच खेपेत वर्षाची हळद येते. त्यांच्या माहेराजवळच्या हरिपुरात हळद जमिनीखालच्या पेवांत साठवण्याची पद्धत होती. वर माणसे ये-जा करायची आणि पायाखाली माल निवांत पडून असायचा. ही विद्या त्यांनी तिथेच उचलली असावी. चकलीच्या भाजणीचे तांदूळ आणि डाळी कडकडीत उन्हात वाळवणाच्या कुरडया-सांडग्यांच्या शेजारीच धुऊन वाळलेल्या होत्या; कुरडया सर्वांना दिसल्या, डाळी कोणालाच दिसल्या नाहीत. दिवाळीची झाडलोट म्हणून मी जे खाते पाडले होते ते तर आधीच निकालात निघाले होते, कारण आमच्याकडे घट बसण्यापूर्वी ‘दसरा काढतात’. गोधड्या, वाकळा, पडदे धुऊन, जाळी-जळमटे काढून, डबे उन्हात घालून घर मोकळे झाले की दिवाळीला उरतो तो केवळ केरसुणीचा एक हात. वाडवडिलांनी कामाचे हे हप्ते वर्षभर पाडून दिले होते. ते थकवून आश्विनाच्या अखेरीस सारी बाकी व्याजासह भरायला जाणाऱ्याची जी अवस्था व्हायची ती होते. लेक-जावयांची कोयना एक्स्प्रेसची तिकिटेही, साठाव्या दिवशी सकाळी मी अंघोळीला गेलो असताना, जावईबापूंना नुसता एक दूरध्वनी करून काढवली गेली होती.

मी जेव्हा या सगळ्याचा शांतपणे विचार केला तेव्हा माझ्या ध्यानात आले की माणसाला कामाचा जितका शीण होतो त्याहून अधिक शीण ते काम आपल्या नावावर चढलेले आहे या जाणिवेचा होतो. जाहीर केलेल्या कामाला साक्षीदार मिळतात, साक्षीदार तगादा लावतात, आणि तगाद्यातून ताण जन्मतो. न सांगता केलेल्या कामाला विचारणारेच कोणी नसते. ते राहिले तरी कोणाला कळत नाही आणि झाले म्हणजे आपोआप झाल्यासारखे दिसते. अर्थात त्यात एक मोठा तोटा आहे, तो हा की त्याचे श्रेयही कोणी देत नाही. आणि या तोट्याची तजवीज मात्र माझ्या पद्धतीत आहे, सांगलीच्या पद्धतीत नाही.

म्हणूनच दिवाळीच्या दिवशी घर लखलखीत, फराळाची ताटे भरलेली, माणसे नाहून-माखून हसतमुख, आणि अनारसे जाळीदार, खसखशीने माखलेले, न हसलेले, असे पाहून पाहुणे जेव्हा “काय हो, इतकं सगळं इतकं वेळेवर जमतं तरी कसं तुमच्याकडे?” असे विचारतात, तेव्हा मी ती बांधीव वही पुढे करतो. तीत खाती आहेत, तारखा आहेत, फेटाळलेले आक्षेप आहेत, किल्ल्याच्या डागडुजीची मंजुरी आहे. पाहुणे ती आदराने चाळतात आणि आपल्या घरीही अशी एक वही करण्याचा निश्चय बोलून दाखवतात. सौभाग्यवती त्यांच्यापुढे आणखी एक अनारसा ठेवतात आणि काही बोलत नाहीत. खात्यात काम कारकुनाने करावे आणि सही साहेबाने, हा दस्तूर सरकारदरबारी इतकी वर्षे निर्वेध चालत आलेला आहे. तो घरात मोडून काढण्याइतका क्रांतिकारक मी नोकरीतही नव्हतो.