येताय ना, काका?

लालबाग-परळच्या कुठल्याही चाळीत, किंवा चाळ पाडून उभ्या राहिलेल्या टॉवरच्या रिहॅब विंगमध्ये, असा एक मुलगा असतोच. वय सव्वीस ते चौतीसच्या मधलं. दाढी आहे, पण ती ठेवलेली आहे की राहून गेलेली, हे नक्की सांगता येत नाही. पाठीवर कीबोर्डची काळी बॅग, चेन एका जागी तुटलेली, तिथे आईने लावलेली सेफ्टी पिन. अंगात काळा टी-शर्ट, छातीवर स्वतःच्याच बँडचं नाव. हा जाझ फ्यूजन वाजवतो. बँड स्वतंत्र आहे. म्हणजे पाठीशी कंपनी नाही, पैसा लावणारा नाही आणि मॅनेजरही नाही. ही सगळी कामं तोच करतो आणि उरलेल्या वेळात वाजवतो.

त्याच्याशी कुठल्याही विषयावर बोला, गाडी तिसऱ्या वाक्याला गिगवर येते.

“बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कसं झालं रे?”

“मस्त. शुक्रवारी पट्टी निघेल. शुक्रवारीच आमची गिग आहे लोअर परळला, रात्री साडेनऊला. येताय ना, काका?”

मागे आमच्या मजल्यावरचे एक आजोबा गेले. दहावा कधी, असं कुणीतरी विचारलं, तारीख सांगितली गेली, आणि हा कळवळून “अरेरे!” म्हणाला. ते आजोबांसाठी होतं की तारखा आदळल्या म्हणून, हे अजून चाळीला कळलेलं नाही.

त्याच्या फोनमध्ये एक ब्रॉडकास्ट लिस्ट आहे. तिच्यात शाळेतले मित्र, मंडळाचे कार्यकर्ते, दोन मावश्या, गॅसवाला आणि सोसायटीचा प्लंबर असे सगळे गुण्यागोविंदाने नांदतात. कार्यक्रमाच्या आठवडाभर आधीपासून पोस्टर सुटू लागतं: ‘सात दिवस उरले’, ‘सहा दिवस उरले’. सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज पाणीकपातीचा, एक याचा. मावश्या न चुकता हात जोडलेलं चित्र आणि ‘खूप छान बाळा’ असं पाठवतात, प्लंबर अंगठा दाखवतो. येत कुणीच नाही.

पोस्टरवरचा फोटो बघण्यासारखा असतो. पाच जण बंद गिरणीच्या चिमणीसमोर किंवा खोताच्या वाडीतल्या एखाद्या लाकडी जिन्यावर उभे, आणि पाचही जण पाच दिशांना बघताहेत. कॅमेऱ्याकडे बघायचं नाही असा या धंद्यातला दंडक दिसतो. लालबागच्या मंडळातल्या एका कार्यकर्त्याला हा फोटो अजिबात पटला नाही. त्याने प्रेमापोटी आपल्या खर्चाने एक फ्लेक्स करून नाक्यावर लावला. मध्ये याचा पासपोर्ट साइझ फोटो मोठा केलेला, वर ‘हार्दिक अभिनंदन’, बाजूंना गोल चौकटींत शुभेच्छुक, आणि खाली ‘जाज फ्युजनमध्ये घवघवीत यश’. बाकी चौघांना त्यात जागाच मिळाली नाही. बँड त्या दिवशी फुटता फुटता राहिला.

या बँडमध्ये कोण कोण असतं? तबलेवाला गांधर्वचा विशारद. त्याची दिवाळी पहाट, अभंगवाणी आणि नाट्यसंगीत अशा तिन्ही आघाड्यांवर मागणी असल्यामुळे तो तालमीला येतो तेव्हा आधीच दमलेला असतो. बेसवाला वसईचा, शेवटच्या गाडीकडे डोळा लावून वाजवणारा. सॅक्सोफोनवाला मूळचा गोव्याचा. तो बोलत नाही, फक्त वाजवतो, आणि वाजवायला लागला की थांबत नाही. ड्रमरबद्दल काय सांगावं? मुंबईत चांगले ड्रमर मोजके आणि बँड पोत्याने, त्यामुळे एकेक ड्रमर चार-पाच घरी नांदतो. त्याच्या तारखा मिळवणं हे शिवाजी मंदिरची शनिवार दुपार मिळवण्याइतकंच अवघड काम आहे. तालीम मंडळाच्या कार्यालयात, कॅरम भिंतीला उभा करून. स्टुडिओ तासावर मिळतो, आणि तासाला जे मोजायचं ते कुणाच्याच खिशात नसतं.

अल्बम घरातच झाला. दहा बाय बाराची खोली, भिंतींना आईच्या गोधड्या टांगलेल्या, खिडकीच्या फटीत जुने टॉवेल. रेकॉर्डिंगची वेळ पहाटे पाणी जाऊन नळ शांत झाल्यापासून शेजारची पहिली शिट्टी होईपर्यंत. तरी तिसऱ्या गाण्यात, पियानोचा आवाज विरत जातो तिथे, कुकरची एक शिट्टी राहिलीच. साउंडवाल्याने हात टेकले. आता आमचा कलावंत सांगतो की ती मुद्दामच ठेवली आहे, हे शहर आमच्या संगीतात बोलतं वगैरे. आई मात्र बिल्डिंगभर सांगते, “तिसऱ्यात शिट्टी ऐकलीत ना? आमचाच कुकर. डाळ होती.”

अल्बमचं नाव संस्कृत. तसं ते असावंच लागतं. गाण्यांची नावं मात्र मध्य रेल्वेची: एकाचं ‘करी रोड स्लो’, एकाचं ‘चिंचपोकळी ५/४’. गाण्यांना शब्द नाहीत. यावर चाळीतल्या काकूंचं म्हणणं असं की नुसत्या म्युझिकचेच एवढे पैसे गेले, तर शब्द घातले असते तर केवढ्याला पडलं असतं!

पैसे येतात कसे, हे त्याने मला एकदा जिन्यात समजावलं. अल्बम मोबाइलवरच्या ॲपवर चढवायचा. पुरेशा वेळा ऐकलं गेलं, की दर ऐकण्यामागे रुपयाचा एक बारीकसा तुकडा जमा होतो. “पण काका, निदान तीस सेकंद ऐका. त्याच्या आत बंद केलंत तर स्पॉटिफाय मोजत नाही.” अडचण एवढीच, की याच्या पहिल्या गाण्यात तीस सेकंदांपर्यंत फक्त लांबून गाडी आल्यासारखा आवाज असतो. वाद्य पुढे कधीतरी सुरू होतं. आईने यावर स्वतःचा मार्ग काढला आहे. ती रात्री फोन चार्जिंगला लावते, अल्बम सुरू करते, आवाज पार बारीक करते आणि झोपते. सकाळी विचारते, “किती झाले रे?”

आई हे प्रकरण हलक्यात घेण्याचं नाही. ती भजनी मंडळात टाळ धरते. बँडचं सात मात्रांचं गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बाकीचे डोकं कुठे हलवायचं या विवंचनेत होते आणि ती शांतपणे मांडीवर तीन-दोन-दोन मोजत होती. शेवटी म्हणाली, “रूपकच आहे की! पण तुझा तो सॅक्सोफोनवाला समेला घरी येत नाही.” बँडचं इतकं नेमकं परीक्षण दुसऱ्या कुणी केलेलं मला माहीत नाही.

लग्नाचं बघणं सुरू आहे. दादरला एका घरी चहापोहे होते आणि मध्यस्थ म्हणून मला नेलं होतं. मुलीचे वडील बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी साधा प्रश्न विचारला, “उत्पन्नाचं कसं?”

याने उत्तर १९३५ पासून सुरू केलं. त्या साली लिऑन ॲबी आपला कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा जाझ बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. मग गोव्याहून आलेले वादक, धोबीतलावच्या त्यांच्या कुडी, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून चालवलेल्या राहायच्या खोल्या. मग चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ, ट्रम्पेटवाला. “आणि आपले सी. रामचंद्र, काका! पुणतांब्याचा माणूस. १९५१ च्या ‘अलबेला’त त्यांनी चिक चॉकलेटला घेतलं, चिक आणि त्याची मंडळी पडद्यावरसुद्धा दिसतात. आणि नाचतंय कोण? भगवानदादा. गिरणी कामगाराचा मुलगा, आपल्या दादरचा! म्हणजे जाझ फ्यूजन आपल्या गल्लीत तेव्हाच झालंय.” पोहे गार होत होते. तोवर १९५८ उजाडलं होतं आणि डेव्ह ब्रुबेक मुंबईत येऊन आपल्या वादकांबरोबर बसला होता. १९७८ ला रंगभवनात जाझ यात्रा सुरू झाली. शोभा गुर्टूंचा मुलगा त्रिलोक जॉन मॅकलॉफ्लिनबरोबर जगभर वाजवून आला. २०२४ ला मॅकलॉफ्लिनच्याच ‘शक्ती’ बँडला ग्रॅमी मिळालं, त्यात आपल्या माहीमचे झाकीरभाई.

मुलीच्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “म्हणजे नोकरी नाही.”

पण मुलगा खोटं बोलत नव्हता, हे मला सांगितलं पाहिजे. या गावाने जाझला पोसलंय आणि वेळोवेळी घराबाहेरही काढलंय. रंगभवन धोबीतलावला अजून आहे. पण शेजारी कॉलेज आणि हॉस्पिटल, म्हणून ते शांतता क्षेत्रात गेलं आणि तिथलं वाजवणं संपलं. लोअर परळला मथुरादास मिलच्या आवारात ब्लू फ्रॉग २००७ ला निघालं, या पोरांच्या पिढीने तिथे उभं राहून कान तयार केले, आणि २०१६ ला तेही बंद झालं. आता उरले ते पब. जेवणाचं बिल झालं तर संगीत, नाहीतर क्रिकेटची मॅच.

एका गिगला मी गेलो. गिरणीचंच आवार, ना. म. जोशी मार्गावरून आत. याचे आजोबा गिरणीत साचेवाले होते, ८२ च्या संपात घरी बसले ते बसलेच. नातू त्याच मोहल्ल्यात संध्याकाळी पाच वाजता साउंडचेकसाठी हजर, म्हणजे दुसऱ्या पाळीलाच म्हणायचं. कीबोर्ड मालडब्यातून आणला होता, कोळणींच्या पाट्यांशेजारी. त्यामुळे पहिल्या गाण्यापर्यंत स्टेजवर बोंबलाचा किंचित दरवळ होता.

श्रोते कोण? निम्मे दुसऱ्या बँडांतले वादक. हा त्यांच्या गिगला जातो, म्हणून ते याच्या गिगला येतात. आहेर केला की परतआहेर येतो, तसं. त्यांची नावं दारावरच्या यादीत, म्हणजे फुकट. उरलेले एका ऑफिसची पार्टी करायला आलेले. त्यांनी दोन गाणी सोसली. तिसऱ्या गाण्याला त्यांच्यातला एक पुढे आला आणि टिश्यू पेपरवर लिहिलेली फर्माईश कीबोर्डवर ठेवून गेला. वरातीत हमखास वाजतं ते गाणं हवं होतं. आमच्या पोराचा चेहरा असा झाला, जणू किराणा घराण्याच्या बैठकीत कुणी लावणी मागितली. त्याने नकार दिला नाही, वाजवलं. पण सात मात्रांत वाजवलं. पार्टीतली माणसं नाचायला उठली आणि प्रत्येक आवर्तनाला सगळ्यांचा एक पाय हवेत राहू लागला.

रात्री एकला हिशेब झाला. दारावरच्या गल्ल्यातला ठरलेला हिस्सा, त्यातून साउंडवाल्याचे वजा, आणि प्रत्येकी बिअरची कुपनं. ड्रमर पित नाही, त्याने आपली कुपनं बेसवाल्याला विकायचा प्रयत्न केला. भुर्जीपावचे पैसे मी दिले. टॅक्सीचेही.

मग अल्बमचा खर्च निघाला कुठून? याचं उत्तर चाळीला माहीत आहे, पण बँडच्या पोस्टरवर ते कधी येत नाही. गणपतीच्या आगमनाच्या दिवसांत परळच्या चित्रशाळांतून मूर्ती निघतात, तेव्हा बेंजो पथकाची ट्रॉली नीट बघा. बेंजो पुढे, मागे ऑक्टोपॅड, खाली ढोल-ताशे, आणि कोपऱ्यात कीबोर्डवर टोपी नाकापर्यंत ओढलेला एक मुलगा. तो हाच. सुपारी घेतली की घरात पैसे येतात, गिग केली की घरातले जातात, असा त्याच्या वर्षाचा ताळेबंद आहे. आगमन, विसर्जन, मधल्या हळदी आणि वराती धरून याने गोधड्यांव्यतिरिक्तचं सगळं सामान घेतलं. माइक, साउंड कार्ड, हेडफोन. फर्टाडोजच्या काचेपलीकडचा कीबोर्ड वर्षानुवर्षं बघितला होता, तोही अशाच एका मोसमात घरी आला.

भारतमाता टॉकीजसमोर मी त्याला एकदा गाठलं. अंगाला अंग लागलेली गर्दी, भगवानदादांची ती खांद्यांची स्टेप अजून तशीच चाललेली, तिकीट कुणाचंच नाही आणि पास कुणी मागत नाही. पथकाने तिहाई घेतली, आणि सगळा रस्ता एका वेळी समेवर आला. पबमधल्या अर्ध्या टेबलांना जे कळलं नव्हतं ते इथे अनवाणी पोरांना कळत होतं. मी खालून ओरडलो, “अरे, हेच वाजव की तिकडे!” त्याने टोपी आणखी खाली ओढली. बँडमधल्या कुणी बघितलं तर काय, ही त्याला धास्ती. नंतर समजलं, की ताशावाल्यांच्या मागे रुमाल बांधून ढोल बडवत होता तो त्यांचाच ड्रमर.

हा मुलगा तुमच्याही ओळखीत असणार. नसेल तर त्याच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये तुम्ही नक्की असाल. तेव्हा एवढं करा. ‘खूप छान’ लिहून सोडून देऊ नका, आणि कृपा करून “दोन पास ठेव रे” असं म्हणू नका. आपण नाटकाला खिडकीवर रांग लावून तिकीट काढतो, तसं याचंही काढा. रात्री साडेनऊचा कार्यक्रम दहाला सुरू होतो, जेवून जा. आणि सात मात्रा मोजता आल्या नाहीत तर शेजारी याची आई बसलेली असेल, तिच्या हाताकडे बघा.