भिंगापुढील सत्य

१८३९ साली दागेर नामक फ्रेंच गृहस्थाने चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर सूर्यप्रकाशाकडून चित्र रेखाटून घेण्याची युक्ती जगापुढे मांडली, तेव्हा लाच न घेणारा, भीड न बाळगणारा आणि उलटतपासणीत न फिरणारा साक्षीदार मानवजातीस लाभला, असे पुष्कळ विद्वानांस वाटले असावे. त्या विद्वानांचा आमच्या घराण्याशी परिचय नव्हता, हे उघडच आहे. छायाचित्रणाचा नाद जडल्यापासून माझा अनुभव असा की, कॅमेऱ्यासमोर बसणाऱ्या इसमास सत्य नको असते. स्वतःविषयीच्या समजुतीचा साक्षांकित दाखला तेवढा हवा असतो.

माझ्या बालपणी काकांजवळ बडोद्यास तयार झालेला आग्फा क्लिक थ्री होता. एका रोळात चित्रे १२ आणि घरातील माणसे वीस-बावीस. त्यामुळे स्वतंत्र फोटो कोणाचा निघावा आणि समूहात कोणी भागवून घ्यावे, याचा निवाडा करताना काकांस मामलेदाराहून अधिक अर्जविनंत्या ऐकाव्या लागत. कॅमेऱ्याच्या पाठीवरील इवल्याशा तांबड्या खिडकीत पुढचा आकडा दिसेपर्यंत ते गुंडी सावकाश फिरवीत, आणि तोवर सारे कुटुंब श्वास रोखून ताठ उभे असे. सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी असावा, हा त्या काळचा दंडक काकांनी इतक्या कसोशीने पाळला की, आमच्या आल्बमातील यच्चयावत वडीलधारी मंडळी डोळे बारीक करून, कपाळास आठ्या घालून जगाकडे पाहत आहेत. ‘घराणे मोठे तापट दिसते’ असा अभिप्राय नव्या सुनांच्या माहेरी व्यक्त होई, तो केवळ या दस्तऐवजाच्या आधारे. वस्तुतः आमचे आजोबा मांजरासही ‘अहो’ म्हणणारे होते.

साहजिकच, धाकट्या आत्याचा फोटो स्थळांकडे धाडण्याची वेळ आली, तेव्हा काकांची सनद बिनबोभाट रद्द होऊन आत्याची रवानगी तालुक्याच्या स्टुडिओत झाली. तेथे पडद्यावर रंगविलेला संगमरवरी जिना होता, जो कोठेही जात नसे, आणि त्याच्या पायथ्याशी एक तळे होते. मीही सोबत असल्याने खरी करामत मला आतल्या खोलीत पाहावयास मिळाली. स्टुडिओवाले तिरप्या काचेवर निगेटिव्ह ठेवून, मागून उजेड घेऊन, अणकुचीदार पेन्सिलीने तीवर अत्यंत बारीक ठिपके देत होते. प्रत्यक्षात काळोख असतो तेथे निगेटिव्हमध्ये पारदर्शकता येते. सबब मुरुमांचे वण आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळे ज्या जागी पारदर्शक दिसतात, त्या शिशाने भरून काढल्या की कागदावर तेवढी त्वचा उजळते. तासाभरात आत्याची जमा जिल्ह्यातील निवडक सुंदरींत झाली. वरपक्षाकडून आलेला फोटोही तशाच एका कुशल पेन्सिलीखालून निघालेला होता, हे पुढे उघडकीस आले. परंतु प्रत्यक्ष भेटीत उभयपक्षांस सारखेच आश्चर्य वाटल्यामुळे दावा दाखल करण्याची सोय कोणासच उरली नाही, आणि संसार मोठा सुखाचा झाला.

आज तीच पेन्सिल प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये न सांगता चालते. परिणामी, मी भारी भिंग लावून, प्रकाशाची आराधना करून काढलेल्या फोटोत स्वतःच्या सुरकुत्या दिसल्या की आप्तेष्ट सहानुभूतीने विचारतात, “कॅमेरा दुरुस्तीला टाकायचा झालाय का रे?” या मनस्तापास कंटाळून मी मनुष्यजातीचा राजीनामा दिला आणि हिवाळ्यात भिगवणला, उजनीच्या जलाशयावर, भल्या पहाटे कोळ्यांच्या होडीत बसून रोहित पक्ष्यांचे फोटो घेऊ लागलो. हनुवटी दिसते का, पोट दिसते का, असली चौकशी पक्षी करीत नाहीत. कोठे टाकलास, हेही विचारीत नाहीत. निर्भेळ सत्य सापडले, या आनंदात असतानाच वाचनात आले की, रोहित पक्ष्याचा तो सुप्रसिद्ध गुलाबी वर्ण जन्मजात नसतोच. पिल्ले राखाडी असतात; पुढे शेवाळ आणि बारीकसारीक कवचधारी जीव खाऊन त्यांतील रंगद्रव्य हे पक्षी पिसांवर उसने आणतात. म्हणजे निसर्गाच्या दफ्तरीही रीटचिंगचे खाते रीतसर उघडलेले आहे!

ही नवी तत्त्वदृष्टी आणि भिगवणचा सर्वोत्तम फोटो घेऊन मी आत्याकडे गेलो. तिने चष्मा पुसला, फोटो उजेडाकडे धरला, बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाली, “पक्षी छान आलाय हो. पण जरा फिका वाटतो. थोडा गुलाबी वाढव की रे!”